तोबऱ्यातून न्याहारीच्या ताटात

वजनावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाच्या सकाळच्या ताटात ओट या धान्याने जे स्थान मिळविले आहे, ते फार जुने नाही. दुधात शिजवलेली लापशी असो, की फळे घालून भट्टीत भाजलेली आणि चौकोनी वड्या पाडून वाढलेली न्याहारी असो, ‘ओट म्हणजे हलके, ओट म्हणजे हितकर’ ही समजूत आता मडगावापासून इंदूरपर्यंत आपल्या सुशिक्षित घरांतून रूढ झाली आहे. कोणताही दस्तऐवज समोर आला की वकिली पेशाच्या माणसाला पहिला प्रश्न सुचतो तो असा, की यात नेमके काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही. ओटच्या कीर्तीचा दस्तऐवजही याच दृष्टीने एकदा वाचून पाहण्यासारखा आहे. त्याची पाने रोमन काळापासून आपल्या दिवसांपर्यंत पसरलेली आहेत.

या धान्याचे मूळ मानाचे नाही. गहू आणि जव ही मानवाने मुद्दाम जोपासलेली धान्ये. ओट मात्र त्यांच्या शेतात तण म्हणून शिरले, आणि युरोपातील थंड व ओलसर प्रदेशांत गव्हापेक्षा अधिक तग धरते हे ध्यानात आल्यावर पीक म्हणून मान्यता पावले. रोमन ग्रंथकार प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात ओटची गणना जवाचा बिघाड म्हणून केली. परंतु जर्मन टोळ्या त्याचीच लापशी खाऊन राहतात, हेही त्याने नोंदविले. १७५५ साली डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्यात ओटचा अर्थ देताना त्यांनी, हे धान्य इंग्लंडात घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसे त्यावर जगतात, अशा आशयाचा चिमटा काढला. आपल्याकडेही या धान्याची ओळख प्रथम चाऱ्याचीच होती. ग्वाल्हेर, इंदूरकडील वाचकांना ‘जई’ हे नाव परिचित असेल; उत्तर हिंदुस्थानात जई आजही मुख्यतः जनावरांच्या वैरणीसाठी पेरली जाते.

स्कॉटलंडातील शेतकरी ही लापशी खात असे, ती बारीक होण्यासाठी नव्हे. थंडीत दिवसभर राबणाऱ्या देहाला टिकून राहणारा आधार हवा असे आणि डोंगराळ, ओल्या जमिनीत तो देणारे धान्य हेच होते. ओटमध्ये इतर तृणधान्यांपेक्षा स्निग्धांश अधिक, शंभर ग्रॅमला सुमारे सात ग्रॅम, असतो. त्यामुळे दळलेले ओट लवकर खवट होते. ते टाळण्यासाठी दाणे आधी उष्णता देऊन कोरडे करावे लागतात, म्हणजे खवटपणा आणणारे विकर निष्प्रभ होते. भट्टीतील भाजणीचा तो खमंग वासही त्यातूनच येतो. सारांश, शंभर ग्रॅम कोरड्या ओटमध्ये सुमारे ३८० उष्मांक असतात. तांदळाहून किंवा गव्हाहून ते मुळीच कमी नव्हेत. हा आकडा पुढील विवेचनासाठी वाचकांनी ध्यानात ठेवावा.

गंमत अशी, की वजन उतरविण्याच्या आधुनिक चळवळीचा आरंभ धान्याच्या विरोधात झाला. लंडनचे विल्यम बँटिंग हे राजघराण्याच्या अंत्यविधींची व्यवस्था पाहणारे प्रतिष्ठित व्यावसायिक. पाच फूट पाच इंच उंची आणि २०२ पौंड वजन अशी त्यांची १८६२ मधील अवस्था होती. कानाने कमी ऐकू येते म्हणून ते डॉ. विल्यम हार्वे यांच्याकडे गेले. हार्वे यांनी पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांची व्याख्याने ऐकली होती. त्यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे वर्ज्य करावयास सांगितले. सकाळी मांस किंवा मासे, बिनसाखरेचा चहा आणि कोरड्या पावाचा एखादा तुकडा, असा बँटिंग यांचा आहार ठरला. सुमारे वर्षभरात त्यांचे वजन ४६ पौंडांनी उतरले. १८६३ मध्ये त्यांनी स्वतःच्या अनुभवाची पुस्तिका काढली आणि तिची एवढी चर्चा झाली, की त्यांच्या आडनावाचेच इंग्रजीत क्रियापद बनले. स्वीडिश भाषेत वजन कमी करण्यासाठी पथ्य पाळणे या अर्थाचा शब्द आजही त्यांच्याच नावावरून चालतो. म्हणजे वजन पाहणाऱ्यांच्या पहिल्या पिढीला ओटची लापशी सुचविली असती, तर ती नाकारलीच गेली असती.

मग हे धान्य त्याच मंडळींच्या ताटात आले कसे? याचे उत्तर वैद्यकाच्या आधी व्यापाराच्या इतिहासात सापडते. हॅनोव्हरहून अमेरिकेत गेलेल्या फर्डिनंड शूमाखर यांनी ओहायो राज्यातील ॲक्रन गावी १८५० च्या दशकात ओट दळण्यास प्रारंभ केला. तोवर अमेरिकेतही ते प्रामुख्याने घोड्यांचेच खाद्य होते आणि आजाऱ्यासाठी औषधविक्रेत्याकडून थोडेसे आणण्याची रीत होती. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात सैन्याच्या मागणीने शूमाखर यांच्या गिरणीला बळ आले. पुढे दाणे वाफवून रुळांखाली चपटे करण्याची युक्ती निघाली. आपल्या पोह्यांशी तिचे साम्य स्पष्ट आहे: धान्य आधी उष्णतेने मऊ करावयाचे, मग दाबून पातळ करावयाचे, म्हणजे शिजविण्याचा वेळ वाचतो. स्कॉटिश गृहिणी ज्या लापशीला तास घालवी, ती आता काही मिनिटांत होऊ लागली.

त्याच राज्यातील रॅव्हेना येथील क्वेकर मिलने ४ सप्टेंबर १८७७ रोजी आपले व्यापारचिन्ह नोंदविले. न्याहारीच्या धान्यासाठी नोंदलेले ते अमेरिकेतील पहिले व्यापारचिन्ह समजले जाते. क्वेकर हा सचोटीबद्दल ख्याती असलेला एक ख्रिस्ती पंथ. त्या पंथाचा गिरणीशी काहीही संबंध नव्हता. गिरणीने घेतली ती केवळ त्याची पत. १८८१ मध्ये हेन्री क्रोवेल यांनी ती गिरणी विकत घेतली आणि पिंपातून सुटे विकले जाणारे धान्य रंगीत छपाईच्या खोक्यात घातले. पुढे खोक्यावर पाककृतीही छापली जाऊ लागली. या एका बदलाचे महत्त्व कायद्याच्या अभ्यासकाने ओळखावे. सुटे धान्य बोलत नाही, खोके बोलते. आणि जे बोलते, त्याला बोललेल्याचा जाब विचारता येतो.

परंतु असा जाब विचारण्याचे शस्त्र कायद्याला बऱ्याच उशिरा लाभले. अमेरिकेने १९०६ मध्ये शुद्ध अन्न व औषध कायदा केला. तथापि १९११ मध्ये कर्करोगावरील एका तथाकथित औषधाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की त्या कायद्याने घटकद्रव्यांविषयीचे असत्य निषिद्ध केले आहे, गुणाविषयीचे नव्हे. न्यायमूर्ती होम्स यांनी तो बहुमताचा निर्णय लिहिला आणि न्यायमूर्ती ह्यूज यांनी विरोधी मत नोंदविले. पुढच्याच वर्षी, १९१२ मध्ये, विधिमंडळाने दुरुस्ती करून औषधांची ही पळवाट बुजविण्याचा प्रयत्न केला. अन्नाच्या खोक्यावर आरोग्याविषयी काय म्हणता यावे, हा प्रश्न मात्र पुढील कित्येक दशके लोंबकळत राहिला.

गुणाचा दावा करावयाचा तर पुरावा हवा, आणि पुराव्याच्या शोधात काय घडू शकते याचे एक विदारक प्रकरण याच धान्याच्या इतिहासात आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील फर्नाल्ड शाळेत मंदबुद्धी ठरविलेली मुले ठेवली जात. त्यांतील कित्येकांच्या बुद्धीत काहीही उणे नव्हते, ती केवळ निराधार होती. १९४६ ते १९५३ या काळात त्यांतील काही मुलांना किरणोत्सारी लोह व कॅल्शियम यांचा अल्प अंश मिसळलेली न्याहारी देण्यात आली. अन्नातील खनिजे देहात कितपत शोषली जातात, हे पाहण्याचा तो प्रयोग होता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी तो केला आणि क्वेकर कंपनीचे साहाय्य त्यास होते. मुलांच्या मंडळास ‘सायन्स क्लब’ असे आकर्षक नाव देण्यात आले आणि पालकांना पाठविलेल्या पत्रात किरणोत्साराचा उल्लेख नव्हता. १९९० च्या दशकात हे उघडकीस आले. शासकीय समितीने मात्रा अल्प असल्याचे सांगितले, परंतु संमती ज्या रीतीने घेतली ती दोषास्पद ठरविली. १९९७ च्या अखेरीस दोन्ही संस्थांनी १८ लाख ५० हजार डॉलरांची तडजोड मान्य केली. वस्तुस्थिती दडवून मिळविलेली संमती ही संमतीच नव्हे, हे तत्त्व करारकायद्याचा प्रथम वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. त्या मुलांना त्याचा लाभ मिळण्यास मात्र चाळीसहून अधिक वर्षे लागली.

पुराव्याची दुसरी वाट अधिक सरळ होती. १९६३ मध्ये हॉलंडमधील संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत असे दाखविले, की चपट्या ओटचा पाव खाणाऱ्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते. याचे श्रेय ओटमधील बीटा-ग्लुकान या विद्राव्य तंतुमय द्रव्यास जाते. पाण्यात ते बुळबुळीत होते, आतड्यात पित्ताम्लांना अडवून बाहेर नेते आणि यकृताला नवी पित्ताम्ले बनविण्यासाठी रक्तातील कोलेस्टेरॉल खर्चावे लागते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ओटच्या कोंड्याचे अक्षरशः वेड पसरले. जानेवारी १९९० मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी वीस निरोगी व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात कोंडा आणि साधा गव्हाचा पदार्थ यांचा परिणाम जवळजवळ सारखाच आढळला, आणि ते वेड ओसरले. पुढे अनेक प्रयोग एकत्र पाहता परिणाम बेताचा पण खरा आहे, असे दिसून आले. त्याच १९९० साली अमेरिकेने पोषणविषयक लेबलांचा कायदा केला, आणि जानेवारी १९९७ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने क्वेकर कंपनीच्या अर्जावरून ओटसंबंधीचा दावा मान्य केला. विशिष्ट अन्नपदार्थासाठी त्या कायद्याखाली मान्य झालेला तो पहिला दावा होय.

आता हा दावा दस्तऐवजाप्रमाणे वाचावा. तो हृदयविकारासंबंधी आहे. त्यात धोका कमी ‘होऊ शकतो’ असे म्हटले आहे, ‘होतो’ असे नव्हे. संपृक्त स्निग्धांश व कोलेस्टेरॉल कमी असलेल्या आहाराचा भाग म्हणून, ही अट त्यास जोडलेली आहे. दिवसाला तीन ग्रॅम बीटा-ग्लुकान हे प्रमाण सांगितले आहे. त्यासाठी सुमारे ७५ ग्रॅम कोरडे ओट, म्हणजे एका लहान वाटीहून बरेच अधिक, पोटात जावयास हवे. आणि वजनाविषयी त्यात एक अक्षरही नाही.

वजनाशी निगडित असलेला मुद्दा युरोपात स्वतंत्रपणे तपासला गेला. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०११ च्या आपल्या अभिप्रायात ओट व जव यांच्या बीटा-ग्लुकानविषयीचे अनेक दावे पारखले. कोलेस्टेरॉल प्रमाणात राखण्याचा दावा ग्राह्य ठरला. पुरेशा मात्रेत घेतल्यास जेवणानंतर रक्तातील साखरेची चढ मंदावते, हेही ग्राह्य ठरले. परंतु पोट भरल्याची भावना वाढून एकंदर आहार कमी होतो, हा दावा सिद्ध झाला नाही, असा निर्वाळा देण्यात आला. सिद्ध न होणे म्हणजे असत्य ठरणे नव्हे. बुळबुळीत तंतूंमुळे अन्न जठरात रेंगाळते आणि लापशीनंतर भूक उशिरा लागते, असा अनेकांचा अनुभव आहे व काही प्रयोगही त्यास पुष्टी देतात. पण पुराव्याचा भार दावा करणाऱ्यावर असतो, आणि तो भार येथे पेलला गेला नाही.

भट्टीत भाजलेल्या ओटच्या न्याहारीचा हिशेब या प्रकाशात मांडावा. अमेरिकेत हा पदार्थ पेन्सिल्वेनियातील आमिश कुटुंबांच्या नावाने ओळखला जातो. शेतीची कष्टाची कामे करणाऱ्या त्या लोकांच्या धर्तीवरील पाककृतींत साखर आणि लोणी सढळ असते. दोनशे ग्रॅम ओट, शंभर ग्रॅम साखर आणि शंभर ग्रॅम लोणी घेऊन सहा वाटे केले, तर प्रत्येक वाट्यात ओटचे सुमारे १२५ उष्मांक आणि साखर-लोण्याचे सुमारे १८० उष्मांक येतात. म्हणजे नाव ओटचे आणि बहुमत साखर-लोण्याचे. हीच न्याहारी पिकलेले केळे, किसलेले सफरचंद, दूध, अंडे व दालचिनी घालून, लोण्याला रजा देऊन केली, तर हिशेब पालटतो. झुरिचचे डॉ. बिर्शर-बेनर यांनी १९०० च्या सुमारास आपल्या रुग्णांसाठी जी न्याहारी बसविली, तिच्यात भिजविलेले ओट केवळ चमचाभर होते आणि किसलेले सफरचंद मुख्य होते, ही गोष्ट येथे आठवावी. वजन पाहणाऱ्याला उपकारक ठरते ती संपूर्ण थाळी. धान्याचे एकटे नाव नव्हे.

आपल्या देशातही आता कायदा मुका नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम ५३ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि २०१८ मध्ये जाहिराती व दावे यांविषयीचे स्वतंत्र विनियमही झाले. परंतु दंडाचे कलम ग्राहकाच्या वतीने खोके वाचत बसत नाही. ते वाचावयाचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते. घटकद्रव्ये वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असतात. त्यांत साखर कितव्या क्रमांकावर आहे, आणि खोक्यावर सांगितलेला एक वाटा म्हणजे किती ग्रॅम, एवढ्या दोन गोष्टी पाहिल्या तरी बहुतेक दाव्यांचा उलगडा होतो.

हाच न्याय आपल्या धान्यांनाही लागू आहे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले आणि तेव्हापासून नाचणीच्या खोक्यांवरही मोठमोठी आश्वासने झळकू लागली आहेत. गोव्यातील पेज आणि कोकणातील नाचणीची आंबील यांच्यामागे पिढ्यांचा अनुभव उभा आहे, परंतु तो अनुभव बिनसाखरेच्या, सकाळी शेतावर जाणाऱ्या माणसाच्या पेजेचा आहे. गूळ-तूप घालून भाजलेल्या नाचणीच्या बिस्किटास त्याचा वारसा सांगता येत नाही. ओट घ्यावे, नाचणी घ्यावी किंवा उकड्या तांदळाची पेज घ्यावी. जे घ्यावे त्याचा वाटा मोजावा आणि त्यात काय मिसळले आहे ते वाचावे. प्लिनीने तण ठरविलेल्या आणि जॉन्सन यांनी घोड्यांकडे सोपविलेल्या या धान्याने आपला दर्जा पुराव्याने मिळविला आहे, पण तो हृदयाच्या प्रकरणात. वजनाच्या प्रकरणात त्याच्या बाजूने निकाल अद्याप झालेला नाही, आणि तो झाला आहे असे समजून कोणी ताटात दुसरा वाटा वाढून घेऊ नये.