पलटणीच्या बँडचा पाया

मेरठला बदली झाली असं सांगितलं की लोक दोनच गोष्टींबद्दल विचारतात. इतिहासाची आवड असलेले १० मे १८५७ची चौकशी करतात आणि बाकीचे क्रिकेटच्या बॅटींची. मेरठची तिसरी ओळख मात्र पटकन कुणाला आठवत नाही. जुन्या शहरात जली कोठी नावाचा भाग आहे. तिथल्या गल्ल्यांमधून पितळ ठोकण्याचा आवाज येतो आणि दुकानांच्या दारावर ट्रम्पेट, युफोनियम आणि ढोल टांगलेले असतात. देशभर लग्नाच्या वरातीत वाजणारी वाद्यं मोठ्या प्रमाणात इथूनच जातात. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत जो ब्रास बँड ऐकत आपण मोठे झालो, त्याच्याही वाद्यांवर मेरठचा शिक्का सापडतो.

या धंद्याचं मूळ छावणीतच आहे. इंग्रजांच्या फौजेतल्या बँडचे प्रमुख असलेल्या नादिर अली यांनी १८८५ साली आपल्या नात्यातल्या इमाम बक्श यांच्यासोबत इथे वाद्यांचा व्यवसाय सुरू केला. आधी माल विलायतेतून येई, पुढे तो इथेच घडू लागला. पलटणींना वाद्यं लागत, त्यांची दुरुस्तीही लागे, आणि गोऱ्यांचा बँड पाहून संस्थानिकांना व सावकारांनाही आपापला बँड हवासा वाटे. छावणीच्या सावलीत एक अख्खी कारागिरी वाढली ती अशी.

यंदा या गल्लीशी माझा सरकारी संबंध आला. बँडची जुनी वाद्यं निकाली काढायची की ठेवायची, आणि हाती असलेल्या पैशात नवीन काय घ्यायचं, हे ठरवणाऱ्या बोर्डाचा मी अध्यक्ष होतो. ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना ‘बोर्ड’ म्हणजे काय ते सांगायला नको. तंबू, भांडी, खुर्च्या यांचे बोर्ड मी पुष्कळ केले आहेत, पण वाद्यांचा हा पहिलाच. खरा पेच एकाच वाद्याचा होता, बेसचा. त्या निमित्ताने केलेलं वाचन आणि विचारपूस इथे मांडतो आहे.

बेस म्हणजे बँडमधला सर्वांत खालचा सूर. ऐकणाऱ्याचं लक्ष ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटकडे असतं, पण चालणाऱ्याचं पाऊल बेस आणि मोठ्या ढोलावर पडतं. या खालच्या सुराची अडचण अशी की तो काढायला वाद्य मोठं लागतं. सैनिकी बँडमधल्या मोठ्या बी फ्लॅट ट्यूबाची नळी सरळ केली तर सुमारे साडेपाच मीटर भरेल, म्हणजे तीन माणसं डोक्याला पाय लावून झोपावीत त्याहून थोडी जास्त. शिवाय आपले कान खालच्या सुरांना मंद असतात, त्यामुळे तेवढाच ठळक ऐकू यायला जास्त जोर लागतो. पलटणीला हे सगळं चालता चालता हवं असतं. बेस वाद्याचा गेल्या दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास म्हणजे ‘मोठं तर हवं, पण नेता यायला हवं’ या एका मागणीचा इतिहास आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या पलटणी ‘सर्पंट’ वाजवत. लाकडाची नागमोडी नळी, वर चामड्याचं आवरण, सहा भोकं आणि फुंकायला वाटीसारखं तोंड. नळी सापासारखी वळवली नसती तर शिपायाची बोटं भोकांपर्यंत पोहोचलीच नसती. सूर नीट लावणं मात्र सर्वस्वी वाजवणाऱ्याच्या ओठांवर अवलंबून. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत पॅरिसच्या हालारीने पितळेचं आणि चाव्यांचं ‘ऑफिक्लाइड’ आणलं. ते अधिक खणखणीत होतं, पण सगळे सूर सारखे लागत नसत.

याच सुमारास आपला एक मराठी राजा पाश्चात्त्य बँडच्या नादात होता. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या दरबारात विलायती वाद्यांचा बँड होता. दक्षिणेत बदली झाली की सरस्वती महाल ग्रंथालय पाहायला जाणाऱ्यांनी ही गोष्टही लक्षात ठेवावी.

खरी क्रांती प्रशियात झाली आणि ती बँडवाल्यांनीच केली. १८१८ साली स्टोल्झेल आणि ब्लूमेल या दोन वादकांनी व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. बोट दाबलं की हवा जास्तीच्या नळीतून वळून जाते, नळी लांब होते आणि सूर खाली येतो. भोकं आणि चाव्यांची कटकट संपली. मग १२ सप्टेंबर १८३५ रोजी बर्लिनमध्ये विप्रेख्ट आणि वाद्य घडवणारा मोरिट्झ यांनी बेस ट्यूबाचं पेटंट घेतलं. विप्रेख्ट सैनिकी संगीतातला माणूस. पुढे प्रशियाच्या गार्ड पलटणींचे सगळे बँड त्याच्या हाताखाली आले. मैदानावर काय टिकतं आणि काय विरून जातं, याचा हिशोब त्याच्या रोजच्या कामातून आलेला होता.

फ्रान्सने हा निकाल मैदानातच लावला. २२ एप्रिल १८४५ रोजी पॅरिसच्या शाँ द मार्सवर दोन बँड समोरासमोर उभे केले गेले. एक जुन्या वाद्यांचा, दुसरा अडॉल्फ साक्सच्या नव्या व्हॉल्व्हवाल्या वाद्यांचा. साक्सची माणसं संख्येने कमी होती, तरी उघड्यावर त्यांचा आवाज सरस ठरला आणि फ्रेंच फौजेने त्याची वाद्यं घेतली. आपल्या भाषेत सांगायचं तर ही फील्ड ट्रायल होती.

ट्यूबा आला, पण तो छातीशी धरून मैलभर चालणं सोपं नाही. म्हणून व्हिएन्नाकडे ‘हेलिकॉन’ निघाला, म्हणजे नळीचा वेटोळा अंगात घालायचा आणि भार खांद्यावर घ्यायचा. अमेरिकेच्या मरीन बँडचे प्रमुख राहिलेले जॉन फिलिप सूझा यांना हेलिकॉनचा सूर थेट समोर आदळणारा वाटे. त्यांच्या सूचनेवरून १८९३ साली फिलाडेल्फियाच्या पेपर कंपनीने तोंड आभाळाकडे असलेलं वाद्य बनवलं. तोच सूझाफोन. पावसात त्यात पाणी साचणार हे उघड होतं, त्यामुळे त्याची थट्टाही झाली. त्याचं तोंड पुढे वळलं ते विसाव्या शतकात. विजय चौकात २९ जानेवारीला मुलाखत द्यायला उभी असल्यासारखी जी चकचकीत पितळी तोंडं रांगेत दिसतात, ती यांचीच.

पितळी सूझाफोनचं वजन साधारण पंधरा किलो धरा, मोठ्याचं आणखी जास्त. फायबरचे सूझाफोन पुष्कळ हलके असतात, पण त्यांचा सूर थोडा कोरडा वाटतो आणि पॉलिश करून चमकवायलाही काही नसतं. बँडवाल्या जवानाला विचारलं तर तो दुसरी तक्रार आधी सांगेल.

इथे कवायतीच्या मैदानावरचं एक गणित सांगतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मिनिटाला १२० पावलं म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक पाऊल. म्हणजे बँडपासून १७० मीटर मागे चालणाऱ्या जवानाला ठोका बरोबर एक पाऊल उशिरा ऐकू येतो आणि ८५ मीटरवर असलेल्याला अर्धं पाऊल. मोठ्या परेडमध्ये मागच्या तुकड्यांची पावलं चुकल्यासारखी दिसतात ती यामुळे. म्हणूनच दोन-दोन तुकड्यांमागे एक बँड ठेवतात. अशा वेळी खालचा सूर उपयोगी पडतो. त्याच्या लहरी लांब असतात, काही मीटरच्या. माणसांच्या रांगा मध्ये आल्या तरी त्या वळसा घालून पुढे जातात, पण बासरीचा बारीक सूर तिथेच अडतो.

आता मेसकडे वळू. दिवसा परेडवर ट्यूबा वाजवणारा जवान संध्याकाळी नाचाच्या बँडमध्ये बसतो. तिथे पूर्वी उभा डबल बेस असे, माणसाएवढा उंच आणि ट्रकमध्ये ठेवायला नाजूक. ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गर्दीत तो ऐकूही येत नसे. १९३०च्या दशकात सिॲटलच्या पॉल टटमार्क यांनी आडवी धरायची विजेवरची बेस गिटार बनवली, पण ती खपली नाही. १९४६च्या सुमारास एव्हरेट हल यांनी डबल बेसच्या खालच्या खुंटीत मायक्रोफोन बसवला. ॲम्पेग कंपनीचं नाव या खुंटीवरूनच आलं. मग १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ आणला. मानेवर पडदे बसवल्यामुळे बोट जिथे ठेवाल तिथे सूर अचूक लागणार, म्हणून नाव प्रिसिजन. वजन चार किलोच्या आसपास आणि गिटार येणाऱ्या कुणालाही लगेच जमणारा. १९६० साली निमुळत्या मानेचा ‘जॅझ बेस’ आला. त्याच काळात हॅम्बुर्गमध्ये पॉल मॅकार्टनी यांनी व्हायोलिनच्या आकाराचा हलका हॉफनर घेतला. डावखुऱ्याने उलटा धरला तरी तो विचित्र दिसत नसे.

आपल्याकडे ही बेस गिटार रुजवली ती बरीचशी गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळेत लहानपणीच नोटेशन शिकलेले हे लोक पलटणीच्या बँडमध्येही होते, मुंबईच्या हॉटेलांतही होते आणि सिनेमाच्या स्टुडिओतही. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले बेस गिटारवादक टोनी वाझ हे याच परंपरेतले.

गिटार हलकी झाली खरी, पण वजन ॲम्प्लिफायरमध्ये गेलं. १९६९ साली ॲम्पेगने ३०० वॉटचा एसव्हीटी काढला. तो स्पीकरसह उचलायला दोन तगडी माणसं लागत. आज तितकाच किंवा जास्त ताकदीचा ॲम्प्लिफायर दोन-तीन किलोत मिळतो. मात्र जनरेटरवर वाजवताना एक गोष्ट सांभाळावी लागते. आपली वीज ५० हर्ट्झची. अर्थिंग नीट नसेल तर स्पीकरमधून याच सुराची गुणगुण येते, आणि बेस गिटारचा खालचा ‘जी’ ४९ हर्ट्झचा आहे. दोन्ही एकमेकांवर घासले की कितीही चांगला वादक बेसूर वाटतो. थंडीत आणखी एक गंमत होते. पितळी वाद्यातली हवा गार झाली की सूर उतरतो, आणि गिटारची तार आकसून चढते. डोंगरावर नोकरी केलेल्या बँडवाल्यांनी हे सोसलेलं आहे.

आता बोर्ड. पलटणीचा सूझाफोन वीस वर्षांचा, दोन ठिकाणी चेपलेला, एक व्हॉल्व्ह अडकणारा. कागदावर तो बाद होण्याच्या लायकीचाच होता. एका सदस्याचं मत फायबरचा नवा घ्यावा. दुसऱ्याचं मत, परेड वर्षातून मोजक्या, बडा खाना आणि मेसचे कार्यक्रम जास्त, तेव्हा सगळे पैसे बेस गिटार आणि ॲम्प्लिफायरवर घालावेत. वाजवणाऱ्या हवालदारांना कुणी विचारलं नव्हतं. ते साताऱ्याकडचे, पचमढीच्या लष्करी संगीत शाळेत शिकून आलेले. मी त्यांना बोलावून विचारलं, “तुम्हाला काय हवं?”

ते म्हणाले, “साहेब, गिटार मला येते आणि आवडते पण. पण गिटार घेऊन चालता येत नाही. बेस बसला तर मागच्या पोरांनी पाऊल कशावर टाकायचं?”

थोडं थांबून त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. आपल्या फौजेत बँडचे जवान लढाईत वाद्यं ठेवतात आणि स्ट्रेचर उचलतात. “वाद्य पाठीवर घेऊन तासभर चालायची सवय असली, की स्ट्रेचरला खांदा टिकतो, साहेब.” या वाक्यावर बोर्डात कुणी काही बोललं नाही.

आम्ही सूझाफोन जली कोठीत नेला. तिथल्या उस्तादांनी तो बोटांच्या गाठींनी वाजवून पाहिला, पत्रा अजून जाड आहे म्हणाले, चेप काढले, व्हॉल्व्ह घासून बसवला. खर्च नव्याच्या मानाने फारच थोडा आला. उरलेल्या पैशात साधी चार तारांची बेस गिटार, एक हलका ॲम्प्लिफायर आणि चांगली अर्थिंगची तार घेतली.

ज्यांच्या टेबलावर असा बोर्ड येईल त्या तरुण अधिकाऱ्यांना माझी एवढीच शिफारस आहे. दराचं पत्रक उघडण्याआधी वाजवणाऱ्याला बोलवा. तो किती अंतर चालतो, कुठल्या हवेत वाजवतो, वीज कुठून घेतो आणि युद्धात त्याच्या हातात काय असतं, हे चार प्रश्न विचारा. आणि मेरठला असाल तर जुनं वाद्य बाद करण्याआधी एकदा जली कोठीत दाखवून आणा.