आधी माफी, मग केंब्रिज

२०१५ मध्ये शशी थरूर यांचं ऑक्सफर्ड युनियनमधलं भाषण सगळ्यांच्या फोनवर फिरत होतं. मी तेव्हा इंजिनीअरिंगला होतो. सुट्टीत मोर्शीला आलो की रात्री गच्चीवर तोच व्हिडिओ पाहायचो. इंग्रजांच्या घरात जाऊन इंग्रजांना सुनावणं म्हणजे काय असतं, ते पाहून अंगावर काटा यायचा. नंतर एका वादविवाद स्पर्धेत मी त्याच थाटात बोललो आणि वेळेवर एक आकडा ठोकून दिला. विदर्भातल्या इतक्या इतक्या टक्के शेतकऱ्यांनी अमुक केलं, असा. कुठून आणला, हे कोणी विचारलं नाही. ढाल मिळाली.

त्या व्हिडिओच्या ११० वर्षं आधी, १९०५ च्या शरदात, एक मराठी माणूस केंब्रिज युनियनमध्ये बोलायला उभा होता. गोपाळ कृष्ण गोखले. त्यांच्याबद्दल वाचत गेलो आणि माझी ढाल मला टोचायला लागली.

केंब्रिज युनियन ही १८१५ मध्ये निघालेली विद्यार्थ्यांची वादसभा. ऑक्सफर्डची १८२३ मधली. तिथली रीत पार्लमेंटसारखी: एक ठराव, बाजूचे वक्ते, विरोधातले वक्ते, शेवटी मतदान. एका विद्यापीठाच्या संघानं दुसऱ्या देशात जाऊन वाद घालण्याचे दौरे पुढे रूढ झाले. अमेरिकेतल्या बेट्स कॉलेजचा संघ १९२१ मध्ये ऑक्सफर्डला गेला, तो त्यातला सुरुवातीचा. गोखल्यांसोबत असा संघ नव्हता. त्यांना बीए होऊन २१ वर्षं झाली होती, आणि ते काँग्रेसचे प्रतिनिधी म्हणून इंग्लंडला गेले होते.

पण गोखल्यांची ही पहिली विलायतवारी नव्हती. खरी गोष्ट पहिल्या वारीत आहे.

१८९७ मध्ये, ३१ व्या वर्षी, ते वेल्बी कमिशनपुढे हिंदुस्थानच्या खर्चाबद्दल साक्ष द्यायला लंडनला गेले. साक्ष उत्तम झाली. इकडे पुण्यात प्लेग होता आणि घरोघरी तपासणीला गोरे सोल्जर घुसत होते. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या धामधुमीत, पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर, गोखल्यांनी इंग्रजी वर्तमानपत्राला सांगितलं की सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केले. सरकारनं पुरावा मागितला. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगायची, तर त्यांना सरकारच्या तोंडी द्यायचं. गोखल्यांनी नावं सांगितली नाहीत. परत आल्यावर आरोप मागे घेतला आणि बिनशर्त माफी मागितली.

प्लेगच्या तपासणीत लोकांचे हाल झाले होते, हे पुणं जाणून होतं. पण गोखले जे बोलले, ते त्यांना सिद्ध करता आलं नाही. देशात त्यांची छी-थू झाली. त्याच वर्षी टिळक राजद्रोहाखाली तुरुंगात गेले, म्हणून तुलना आणखीच बोचरी. डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन आमच्या अमरावतीत भरलं. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. टिळकांच्या शिक्षेनं पेटलेल्या त्या दिवसांत माफी मागणाऱ्या माणसाची किंमत काय असेल, हे वेगळं सांगायला नको.

पुढच्या आठ वर्षांत गोखल्यांनी आवाज वाढवला नाही, वह्या वाढवल्या. गणेश व्यंकटेश जोशी नावाचे एक हेडमास्तर आकडेवारीत तरबेज होते. गोखले त्यांच्याकडून बजेट समजून घेत. १९०२ मध्ये बड्या लाटसाहेबांच्या कौन्सिलात पहिल्याच बजेट-भाषणात त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले: तिजोरीतली शिल्लक ही सुबत्ता नव्हे, गरिबावरचा जादा कर आहे. १९०३ मध्ये मिठावरचा कर मणामागं अडीच रुपयांवरून दोन झाला.

आणि मग १९०५. गोखल्यांनी इंग्लंडमध्ये जवळपास पन्नास दिवसांत पंचेचाळीसेक भाषणं दिली. केंब्रिज हा त्यातलाच एक मुक्काम. हिंदी लोकांना आपल्या कारभारात जास्त वाटा मिळावा, अशा आशयाचा ठराव होता. गोखले बाजूनं बोलले. समोरची पोरं साधी नव्हती. आयसीएसला निवडलेले उमेदवार वर्षभर अशाच विद्यापीठांत शिकत. म्हणजे श्रोत्यांतलाच एखादा उद्या आपल्याकडे जिल्ह्याचा साहेब होऊन यायचा. ठराव मोठ्या बहुमतानं मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी काय बदललं? काहीच नाही. बंगालची फाळणी १६ ऑक्टोबरपासून लागू झाली होती, ती तशीच राहिली. सभागृहातल्या मतांना सरकार बांधील नव्हतं. पण आठ वर्षांपूर्वी ज्या देशाच्या वर्तमानपत्रात त्यांचा शब्द खोटा पडला होता, त्याच देशातल्या पोरांनी तो मानला. त्याच डिसेंबरात बनारसला ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

थरूरांच्या व्हिडिओत मला फक्त सुनावणं दिसलं होतं. गोखल्यांमुळे कळलं की सुनावण्याआधी किती वर्षं गप्प बसून वाचावं लागतं.

मागच्या दिवाळीत घरी गेलो, तर चुलतभाऊ स्पर्धेचं भाषण घेऊन आला. विषय संत्र्याचा भाव. म्हणाला, "दादा, एखादा दणदणीत आकडा दे ना, लोक गार झाले पाहिजेत."

मी म्हटलं, "आपल्याच बागेपासून सुरू कर. काकांच्या वहीत पाच वर्षांचे भाव आहेत."

"त्यानं कोण गार होते?"

त्याचं बरोबर असेल. मी त्याला ढालीची गोष्ट सांगितली. तो हसला, मग वही शोधायला गेला.