अडीच शिलिंगांची चिठ्ठी

१८८९ साली लंडनच्या डॉक्टरांच्या मागे एक नवं काम लागलं. देवी, घटसर्प, विषमज्वर, कॉलरा अशा ठरलेल्या रोगांपैकी एखादा दिसला, की तशी चिठ्ठी लिहून त्या भागाच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे धाडायची. रोगी खासगी असेल तर चिठ्ठीमागे अडीच शिलिंग, सार्वजनिक संस्थेतला असेल तर एक. वर्दी देण्याची जबाबदारी घरातल्या कर्त्यावरही होती. टाळाटाळ केल्यास दंड चाळीस शिलिंगांपर्यंत. रोग्याचं गुपित सरकारला सांगायला आम्ही काय खबरे आहोत, अशी डॉक्टरांची कुरकुर होती. पण चिठ्ठ्या येऊ लागल्या.

त्याआधी आरोग्य अधिकारी नव्हते असं नाही. लंडन सिटीने जॉन सायमन यांना १८४८ मध्येच नेमलं होतं आणि १८५५ च्या कायद्याने शहराच्या प्रत्येक भागात तसा अधिकारी आला. त्यांचा मुख्य आधार मात्र मृत्यूच्या नोंदींचा. मेलेले मोजता येत. आजारी कुठे पडले आहेत हे कळेपर्यंत साथ पुढच्या गल्लीत पोचलेली असे.

चिठ्ठीत मजकूर थोडा: नाव, वय, पत्ता, रोग. पण ती पोचली की सगळी यंत्रणा हलायची. निरीक्षक दारात हजर. पोर तापाच्या इस्पितळात, गाद्या-पांघरुणं वाफेच्या भट्टीत, खोलीत धुरी. भावंडांना शाळा बंद. वाचनालयालाही कळवलं जाई, कारण त्या घरात गेलेलं पुस्तक तसंच दुसऱ्याच्या हाती पडायला नको.

यादीही वाढत गेली. १९१२ च्या सुमारास क्षयरोग आला. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली गोवर आला, काही वर्षांतच निघाला आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली डांग्या खोकल्याला सोबत घेऊन परत आला.

मुंबईला हे नवं नव्हतं. १८८८ च्या महापालिका कायद्यातच धोकादायक रोगाची वर्दी देण्याचं कलम होतं, म्हणजे लंडनच्या एक वर्ष आधी. पण १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. व्हिएगस यांना मांडवीत प्लेग आढळला आणि पुढे लोक रोगी लपवू लागले. वर्दी गेली की माणूस इस्पितळात आणि घराची झडती, हे ठाऊक झालेलं. चिठ्ठीमागून दारात कोण येणार, यावरच ती लिहिली जाणार की नाही हे ठरतं.

लंडनच्या या यंत्रणेची खरी परीक्षा १९४० मध्ये झाली. ७ सप्टेंबरपासून सलग ५७ रात्री बॉम्ब पडले आणि माणसं भुयारी रेल्वेत झोपायला गेली. पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीन बरोत, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेच्या हद्दीत, तर स्टेशन अजून पुरं व्हायचं होतं. तिथे पुढे पाच हजार बंक लागले, बोगद्यात वाचनालयसुद्धा उघडलं. एवढी माणसं, कोंदट हवा, सुरुवातीला बादल्यांचे संडास. साथ येणार, हे जाणकारांनी धरूनच ठेवलं होतं. लॉर्ड हॉर्डर यांच्या समितीने गर्दी, हवा, स्वच्छता यांवर उपाय सुचवले. आश्रयस्थानांत परिचारिका आल्या, घटसर्पाची लस मुलांना फुकट मिळू लागली. क्षय वाढला, खरूज वाढली. पण ज्या मोठ्या साथीची धास्ती होती ती आली नाही. १९४० मध्ये ब्रिटनभर घटसर्पाचे सुमारे ६१,००० रोगी आणि ३,२८३ मृत्यू नोंदले गेले होते. लस सर्वत्र पोचल्यावर, १९५७ मध्ये रोगी ३८ आणि मृत्यू ६.

बेथनल ग्रीनच्या त्या आश्रयस्थानात सर्वाधिक माणसं गेली ती जिन्यावर. ३ मार्च १९४३ च्या रात्री भोंगा वाजला, जवळच्या बागेतून नव्या विमानविरोधी रॉकेटांचा कडकडाट झाला आणि लोक आत घुसले. ओल्या पायऱ्या एकोणीस, दिवा एक मिणमिणता, मधे धरायला कठडा नाही. खाली कुणीतरी अडखळलं आणि वरून माणसं पडत राहिली. १७३ मेली, त्यांत ६२ मुलं. बॉम्ब एकही पडला नव्हता.

या प्रवेशाची काळजी बरोला वाटत नव्हती असं नाही. १९४१ मध्येच त्याने तो मजबूत करायला परवानगी मागितली होती. वरून नकार आला. घटसर्पाच्या चिठ्ठीमागे कायदा होता. ती पोचली की निरीक्षकाला जावंच लागे. जिन्याबद्दलच्या पत्रामागे तसं काहीच नव्हतं. ते वाचायचं आणि नाही म्हणायचं, एवढी मुभा वरच्यांना होती. धोका कळवणारे सगळीकडे असतात. कळवल्यावर कुणाला हलावंच लागेल, हे लिहून ठेवलेलं क्वचितच असतं. बेथनल ग्रीनच्या जिन्याला कठडे बसले, पण १७३ जणांनंतर.