बोरघाटाचा रेल्वेचढ
मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या रेल्वेपुढे बोरघाट उभा होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने 1856 मध्ये घाटाचे काम सुरू केले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये वारल्यावर त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले आणि 1863 मध्ये घाट वाहतुकीला खुला झाला.

घाटातला सर्वांत तीव्र चढ 37 फुटांना 1 फूट आहे. 370 टनांची गाडी सरळ उचलायची तर 370 टनांचा जोर हवा. या चढावर, घर्षण वगळता, सुमारे 10 टनांचा पुरतो. मात्र अंतर तितक्याच पटीने वाढते, त्यामुळे एकूण कार्य घटत नाही.

तरीही एका इंजिनाची चाके गुळगुळीत रुळांवर घसरू शकतात. म्हणून घाटाच्या पायथ्याशी कर्जतला गाडीच्या मागे ‘बँकर’ इंजिने जोडून तिला ढकलतात. पुढच्या इंजिनाचा भार त्यामुळे हलका होतो, कपलिंगवरचा ताण कमी होतो आणि एखादे कपलिंग तुटलेच तरी डबे उतारावरून मागे धावत नाहीत. वाफेची इंजिने जाऊन विजेची आली, तरी कित्येक गाड्यांना आजही कर्जतला बँकर लागतात.