तळटीप १७ : ‘नवरीचे गाणे’

१७. ‘नवरीचे गाणे’ : मंगलाष्टके अभिप्रेत नाहीत, ती अंतरपाटाआडून नवरी ऐकते, गात नाही. लेखकाचा रोख नाटकातल्या नवरीकडे आहे. किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त (१८८२) सुभद्रा मनाजोगता वर मिळवते, देवलांच्या ‘शारदे’त (१८९९) मात्र म्हाताऱ्या भुजंगनाथाशी लागणारे लग्न सगोत्र ठरून भर मांडवात मोडते. (१९२९चा ‘शारदा कायदा’ हरबिलास सारडांच्या नावाचा. नाटकाशी त्याची गाठ वाचकांनीच घातली, आणि ती इतकी शोभते की सोडवायला जीव होत नाही.) शारदेची भूमिका गाजवणाऱ्या बालगंधर्वांनी गाण्याचे सुरुवातीचे धडे जळगावात मेहबूबखाँकडे घेतले, म्हणून हा विषय खान्देशाला परका नाही. जळगाव-धुळ्याकडे घरच्या नवरीचे गाणे अहिराणीत, हळदीच्या वेळी बायकांच्या तोंडी असते. रस्त्यावर वरातीत बँड किंवा डीजे. पाश्चात्त्य लग्नात वाजणारी वधूगीताची धून वाग्नरच्या ‘लोहेनग्रिन’ (१८५०) या ऑपेरातली. तिथले लग्न त्याच रात्री फिसकटते. वाजवणाऱ्यांना याचे सोयरसुतक नसते.