आरोपी तपासात सहकार्य करत नाही

हे वाक्य आपण वर्तमानपत्रात इतक्या वेळा वाचतो, की त्यात काही वावगं आहे असं वाटतच नाही. पोलीस कोठडी वाढवून हवी असली की सरकारी वकील ते न्यायालयापुढे ठेवतात आणि बातमीदार तसंच उतरवून घेतो. यात सहकार्य म्हणजे काय, तर बहुधा कबुली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगून टाकलं, की आरोपीने गुन्हा कबूल केला नाही एवढ्यावरून तो सहकार्य करत नाही असं म्हणता येणार नाही. राज्यघटना येऊन सदुसष्ट वर्षं झाल्यावरही हे सांगावं लागलं.

आपल्या परंपरेत चौकशीत गप्प बसण्याला फारसा मान नव्हता. नारदस्मृतीत दावा हरणाऱ्या प्रतिवादीचे पाच प्रकार दिले आहेत. बोलावल्यावर पळून जाणारा त्यात आहे, आणि निरुत्तर राहणाराही. पुराव्याने निवाडा होईना तर दिव्य होतं. उकळत्या तेलातून धातूचा रवा काढायचा, मग हात बोलेल ते खरं. थोडक्यात, तोंड गप्प राहिलं तरी शरीराला बोलतं करायची सोय होती.

इंग्लंडमध्ये गप्प राहण्याच्या हक्काची गोष्ट सांगताना जॉन लिलबर्नचं नाव हमखास निघतं. हॉलंडमध्ये छापलेली धर्मविरोधी ठरवलेली पुस्तकं चोरून आणल्याच्या आरोपावरून १६३७ साली या विशीतल्या पोराला पकडलं. स्टार चेंबर या न्यायालयाची रीत अशी, की आधी शपथ घ्यायची, जे विचारलं जाईल त्याचं खरं उत्तर देईन अशी. काय विचारणार ते नंतर कळणार. लिलबर्नने शपथच नाकारली. पुढच्या वर्षी त्याला फटके मारत लंडनच्या रस्त्यांवरून नेलं आणि खोड्यात उभं केलं. तिथे तो जमलेल्या लोकांपुढे इतका बोलत सुटला, की अखेर त्याच्या तोंडात बोळा कोंबावा लागला. बोलत नाही म्हणून शिक्षा, आणि शिक्षेच्या वेळी थांबत नाही म्हणून बोळा! १६४१ मध्ये स्टार चेंबर बंद झालं. तिथून हा विचार अटलांटिक ओलांडून गेला आणि १७९१ मध्ये अमेरिकेच्या घटनेच्या पाचव्या दुरुस्तीत बसला. इंग्रजी सिनेमात बेड्या घालताना पोलीस जे पाठ म्हणून दाखवतो, ते मात्र बरंच अलीकडचं, १९६६ च्या मिरांडा निकालानंतरचं.

हीच वंशावळ आपलीही आहे असं समजायची पद्धत आहे. मला ते अर्धंच खरं वाटतं. लिलबर्नचा प्रश्न श्रद्धेचा होता, देवाच्या नावाने स्वतःच्या गळ्यात फास का घालून घ्यायचा हा. हिंदुस्थानात कायदा बदलला तो सरकारचा स्वतःच्याच शिपायांवर भरवसा नव्हता म्हणून.

१८५५ साली मद्रास इलाख्यात छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला. सारा वसूल करणारे आणि चोर पकडणारे हात तिथे बहुतेक एकच होते, आणि दोन्ही कामांची हत्यारंही एकच. बोटं चिमटणारी किट्टी, माणसाला वाकवून बांधून उन्हात ठेवणं, डोळ्यांत मिरची. मग १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नियम आला, की पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही. जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने १८७२ च्या पुरावा कायद्यात तोच कलम २५ आणि २६ म्हणून घातला. उन्हात पुरावा हुडकत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्याच्या डोळ्यांत तिखट चोळणं सोपं, असं एका अधिकाऱ्याने आपल्याला सांगितल्याचं स्टीफननेच पुढे लिहून ठेवलं.

म्हणजे गप्प राहण्याचा हक्क आरोपीला कुणी दिलाच नाही. त्याचं बोलणं तेवढं न्यायालयाच्या दारात अडवलं. कोठडीतल्या खोलीत काय घडतं याला या कलमांनी हात लावला नाही. वर कलम २७ ने एक खिडकीही उघडी ठेवली. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूपुरतं त्याचं बोलणं पुरावा ठरतं. ‘मी स्वखुशीने सांगतो, माझ्यासोबत चला, लपवलेला कोयता काढून देतो’ अशा धाटणीचे पंचनामे त्या खिडकीतून आत येतात. दीडशे वर्षांत एवढे आरोपी एवढे खुशीत कसे आले, असा प्रश्न कुणालाही पडावा.

तरीही घटना येण्याआधी गप्प राहण्याचा सर्वांत ठसठशीत वापर मुंबईत झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस रेडिओ हे भूमिगत केंद्र सुरू झालं. नोव्हेंबरात उषा मेहता पकडल्या गेल्या, तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. सीआयडीने त्यांची सुमारे सहा महिने चौकशी केली. त्या बोलल्या नाहीत. खटल्यात त्यांनी न्यायाधीशांनाच विचारलं, प्रश्नांची उत्तरं देणं मला बंधनकारक आहे का? नाही, असं कळल्यावर त्यांनी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे आरोपी गप्प राहिला तर न्यायालयाला त्यातून हवा तो अर्थ काढता येत असे. ही तरतूद १९७३ च्या संहितेत वगळली गेली. त्यामुळे त्यांचं गप्प राहणं स्वतःच्या बचावासाठी नव्हतं, उलट अंगावर येणारं होतं. चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्या येरवड्यात गेल्या.

१९५० मध्ये राज्यघटनेचा अनुच्छेद २०(३) आला: आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही. पण साक्षीदार फक्त न्यायालयात असतो, की चौकीतही? याचं घसघशीत उत्तर १९७८ साली मिळालं. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना बेहिशेबी मालमत्तेच्या चौकशीसाठी कटकच्या दक्षता पोलीस ठाण्यात बोलावून लेखी प्रश्नांची लांबलचक यादी दिली होती. त्यांनी उत्तरं दिली नाहीत, म्हणून त्यांच्यावर वेगळी फिर्याद झाली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे संरक्षण पोलीस चौकशीपर्यंत नेलं, बाईमाणसाला ठाण्यात बोलावल्याबद्दल पोलिसांचे कान उपटले आणि वकील जवळ ठेवू द्यावा असंही म्हटलं. मात्र सरसकट तोंड मिटायची मुभा दिली नाही. ज्या उत्तराने माणूस अडकत नाही ते द्यावंच लागेल.

यानंतर रस्ता सरळ व्हायला हवा होता. झाला नाही. महाराष्ट्राने १९९९ मध्ये मोक्का हा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा आणला आणि त्याच्या कलम १८ ने पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य केला. स्टीफनने लावलेली कडी अशी काढली गेली. २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात असेच जबाब होते. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते विश्वासार्ह मानले नाहीत आणि बाराही जणांना निर्दोष ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर मोक्का खटल्यांत दाखला म्हणून वापरायला लगेच स्थगिती दिली. मुद्रांक घोटाळ्यात नार्को चाचणीला मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये हिरवा कंदील दाखवला होता. त्यातला मुख्य आरोपी तेलगी याचं औषधाच्या गुंगीतलं बोलणं वाहिन्यांनी घरोघरी पोचवलं. संमतीशिवायच्या अशा चाचण्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, सेल्वी खटल्यात, घटनाबाह्य ठरवल्या. ईडीसमोर दिलेलं निवेदन मात्र पुरावा म्हणून चालतं. ईडीचे अधिकारी पोलीस नव्हेत, असं सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल सांगतो. समन्स मिळालेल्या माणसाला हा फरक कितपत जाणवत असेल, कोण जाणे.

आता भांडण मोबाइलवर आलं आहे. १९६१ मध्ये ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी ठरवलं होतं, की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, कारण त्यात आरोपी आपल्या मनातली माहिती सांगत नाही. मग बोट लावून फोन उघडायला लावता येईल. पण आकडी पासवर्ड मनातच असतो. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पासवर्ड सांगणं ही साक्ष नव्हे असं म्हटलं, तर पुढच्याच वर्षी दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने तो सांगायची सक्ती करता येत नाही असा निर्वाळा दिला.