हॉटेल हललं

दिवाळीच्या आधी नानांशी फोनवर बोलत होतो. मिरचीचे भाव झाले, गुडघे झाले, शेजारच्यांच्या मुलीचं लग्न झालं, आणि फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "अरे, आपलं हॉटेल हललं." मला आधी वाटलं, पडलं की काय! तर तसं नाही. नंदुरबारच्या स्टेशन रस्त्यावरची जुनी जागा सोडून हॉटेल गावाबाहेर, दोंडाईच्याच्या रस्त्याला गेलं. इमारतीच्या मालकाला तिथे नवं बांधकाम करायचंय. पन्नासेक वर्षांचा मुक्काम, आठ दिवसांत हलवला.

हॉटेल म्हणजे राहायचं हॉटेल नव्हे बरं का. आमच्याकडे चहा-भज्यांच्या दुकानालाही हॉटेलच म्हणतात. नाव लिहीत नाही. नंदुरबारकरांना सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. सकाळी फाफडा-जिलेबी, अकरानंतर शेवभाजी, चारपासून भजी आणि दिवसभर चहा. पुण्याच्या मित्रांना हा बेत विचित्र वाटतो. सकाळी गुजराती आणि दुपारी खानदेशी, हे कसं काय? त्याचं उत्तर रेल्वेत आहे.

सुरतेहून अमळनेरपर्यंतची ताप्ती व्हॅली रेल्वे 1900 च्या सुमारास पुरी झाली. खानदेशातला कापूस सुरतेकडे नेणं हा तिचा मुख्य धंदा. पण मालाबरोबर माणसं येतात आणि माणसांबरोबर त्यांच्या सकाळच्या सवयी येतात. मुंबई आम्हाला लांब, सुरत जवळ. लग्नाचं कापड सुरतेचं, मोठं दुखणं सुरतेच्या डॉक्टरांकडे. पुढे 1 मे 1960 ला दोन राज्यं झाली आणि सीमारेषा याच रुळांना आडवी गेली. नवापूर स्टेशनाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकावर तर मधोमध रेघ मारून दोन्हीकडे राज्यांची नावं रंगवलीत. बाक जागचं हललं नाही, त्याच्याखालचं राज्य हललं. (लहानपणी त्या रेघेवर बसून मी एकाच वेळी दोन राज्यांत केळं खाल्लंय. असो.)

तर आमचं हॉटेल या स्टेशनाच्या जिवावर होतं. नाना प्राथमिक शाळेत शिक्षक. संध्याकाळी पाचला ते आणि त्यांचे चार-पाच मित्र भिंतीकडच्या लांब टेबलाशी बसायचे. एक चहा, फार तर दोन. मालकांनी कधी उठा म्हटलं नाही, कारण म्हणायची वेळच यायची नाही. भुसावळकडच्या पॅसेंजरची वर्दी झाली की ही मंडळी आपोआप उठायची. आता प्रवासी येणार, त्यांना जागा लागणार, हे न बोलता ठरलेलं. गाडीला उशीर झाला की गप्पाही लांबायच्या. माझ्या आईला नाना किती वाजता घरी येणार हे रेल्वेच्या चौकशी खिडकीवर विचारावं लागलं असतं!

1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तोवर धडगावच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी सातपुडा उतरून, तापी ओलांडून थेट धुळे गाठावं लागे. जिल्हा झाल्यावर ही माणसं आमच्या गावात थांबायला लागली. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली मिळून 33 गावं जात होती. त्या गावांची माणसं हातात कागदांची पिशवी घेऊन पलीकडच्या टेबलावर बसलेली मी पाहिली आहेत. कुणी मणिबेलीकडचं, कुणी तळोद्याजवळ सोमावल-रोझव्याला वसवलेलं. एकदा त्यांच्यातल्या एकाने नानांकडून अर्ज लिहून घेतला होता. जमीन मिळाली होती, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर. हे आठवलं की हॉटेल हललं म्हणून हळहळायची थोडी लाजच वाटते. आमच्या जिल्ह्यात 'जागा सोडणे' या शब्दांचं वजन फार वेगळं आहे. तरीही हळहळ वाटते, ती वाटतेच.

आणि आणखी एक गोष्ट होती. ते हॉटेल म्हणजे पत्ता होता. घरी फोन नसायचा त्या काळात शहाद्याहून, प्रकाशाहून आलेला माणूस गल्ल्यावर चिठ्ठी ठेवून जायचा: 'गुरुजी आले की द्या.' मालक ती ड्रॉवरमध्ये सुट्ट्या पैशांच्या शेजारी ठेवायचे. लग्नपत्रिका, औषधं, एकदा तर कोंबडी! नानांच्या मित्राने फोनवर मला हाच प्रश्न विचारला, "आता चिठ्ठी कुठे ठेवायची?" मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, तरी विचारला.

त्या प्रश्नावरून मला अरुण कोलटकर आठवले. ते कसे, तर सांगतो.

कोलटकर मूळचे कोल्हापूरचे, पण आयुष्य मुंबईत काढलं. जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले चित्रकार, मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे मोठे कवी. राहायचे प्रभादेवीला एका लहानशा घरात, आणि घरी टेलिफोन ठेवलेला नव्हता. मग या माणसाला गाठायचं कसं? तर गुरुवारी दुपारी काळा घोड्याला जायचं, तिथल्या वेसाइड इन या रेस्टॉरंटमध्ये. जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोर, पारशी मालकीचं, टेबलांवर चौकड्यांचे कपडे, सूप आणि कॅरॅमल कस्टर्ड मिळणारं जुन्या धाटणीचं ठिकाण. डॉ. आंबेडकरही तिथे येऊन लिहीत बसायचे, असं सांगतात. कोलटकरांच्या टेबलाभोवती कवी, चित्रकार, प्रकाशक जमायचे. म्हणजे महाराष्ट्रातल्या एवढ्या मोठ्या कवीचा पत्ता काय, तर एक वार आणि एक हॉटेल.

पण खरी गंमत त्या खिडकीत आहे. खिडकीतून समोरचा तिकोनी ट्रॅफिक आयलंड दिसायचा. भटकी कुत्री, कचरा गोळा करणाऱ्या बाया, फुटपाथवर पोराला आंघोळ घालणारी बाई. हे सगळं कोलटकर वर्षानुवर्षं बघत राहिले आणि त्यातून त्यांचं 'काळा घोडा पोएम्स' हे इंग्रजी पुस्तक झालं. त्यातली सगळ्यात लांब कविता नाश्त्याच्या वेळेची आहे. एक बाई इडल्या आणि सांबार घेऊन चौकात येते, बसते. आजूबाजूचे सगळे फाटके लोक तिच्याभोवती जमतात, खातात. इडल्या संपतात, बाई उठते आणि ते अख्खं 'हॉटेल' नाहीसं होतं. ना भिंत, ना पाटी, ना भाडं. एका प्रतिष्ठित रेस्टॉरंटच्या टेबलावर बसून कोलटकरांनी या बिनपत्त्याच्या हॉटेलावर लिहिलं, हे मला फार थोर वाटतं. टेबल दुसऱ्या भिंतीला असतं तर ही कविता झाली असती का? मला नाही वाटत.

2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत वेसाइड इन बंद झालं. मंडळी जवळच फोर्टातल्या मिलिटरी कॅफेत जाऊन बसायला लागली. इराणी हॉटेल, खिमा-पाव उत्तम. गुरुवार तोच, माणसं तीच. म्हणजे हॉटेल गेलं आणि गिऱ्हाईक हललं, आमच्या नंदुरबारच्या उलट. जुलै 2004 मध्ये 'काळा घोडा पोएम्स' निघालं, अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनातर्फे. त्याच वर्षी 25 सप्टेंबरला कोलटकर गेले. ज्या खिडकीतून पुस्तक पाहिलं गेलं ती खिडकी पुस्तक येईपर्यंत राहिली नव्हती.

त्या जागेला हे काही नवं नव्हतं म्हणा. काळा घोडा हे नाव ज्या पुतळ्यावरून पडलं तो घोड्यावरचा सातवा एडवर्ड. 1879 ला उभारलेला, 1965 ला तिथून उचलून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. घोडा गेला, नाव राहिलं. कोलटकरांनी तिथे बसून लिहिलं तेव्हा चौकात घोडा नव्हताच. 2017 मध्ये तिथे नवा काळा घोडा उभा केला, स्वार नसलेला. चांगला आहे. पण पन्नास वर्षं लोक घोड्याशिवाय त्या चौकाला काळा घोडा म्हणत होते, ते मला जास्त आवडतं.

हलवण्याचे प्रकारही वेगवेगळे. दिल्लीचं इंडियन कॉफी हाउस घ्या. कॉफीचा खप वाढावा म्हणून 1936 ला यातलं पहिलं कॉफी हाउस निघालं ते आपल्या मुंबईत, चर्चगेटला. पुढे 1950 च्या दशकात कॉफी बोर्डाने ती बंद करायला घेतली, कामगार रस्त्यावर आले. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि 1957 पासून स्वतःच चालवायला लागले. दिल्लीचं कॅनॉट प्लेसचं कॉफी हाउस असंच. पुढारी, पत्रकार, बेकार, सगळ्यांचा अड्डा. आणीबाणीत, 1976 ला, ते पाडलं. त्या जागी पालिका बाजार झाला. कॉफी हाउसने मोहनसिंग प्लेसमध्ये वर जाऊन पुन्हा बस्तान मांडलं. सरकारला कॉफीची भीती नव्हती, टेबलाभोवतीच्या खुर्च्यांची होती, असं त्यावर म्हटलं जातं आणि मला ते पटतं. आमच्या इमारतीच्या मालकाला मात्र कसलीच भीती नाही, त्याला फक्त गाळे काढायचेत. म्हणून त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा नानांना स्कूटरवर मागे बसवून नव्या जागेत नेलं. जुन्या जागी ते चालत जायचे. इथे चालत जाणं आता होणार नाही, त्यांचं नाही आणि त्यांच्या मित्रांचंही नाही. पाचांतले दोन तर काठी घेतात. हॉटेल चकचकीत आहे. फरशी, पंखे, बाहेर गाड्या लावायला ऐसपैस जागा. मालकांनी आम्हाला पाहिलं आणि भटारखान्यातून हात पुसत बाहेर आले. "कव्हय उना, भाऊ?" मग नानांना म्हणाले, "गुरुजी, तुमचं टेबल आणलंय बघा." आणि खरंच, कोपऱ्यात ते लांब टेबल होतं. नवीन सनमायका लावला होता, पण पाय तेच.

शेवभाजी तीच होती. तर्री तशीच, नाकातून पाणी काढणारी. नानांनी दोन पोळ्या खाल्ल्या, वर चहा घेतला. मग जरा वेळ बसून राहिले. त्यांना उठायचं सुचत नव्हतं. शेवटी मला विचारलं, "गाडी गेली का रे?" इथे गाडीचा आवाज येत नाही. मी मोबाइलमध्ये पाहून सांगितलं.

निघताना त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं. प्रकाशाच्या मित्राच्या पेन्शनचे कुठलेसे कागद. गल्ल्यावर आता मालकांचा नातू बसतो, समोर बिलाचं मशीन. नाना म्हणाले, "ते आले की दे." पोरगा म्हणाला, "कोण, आजोबा?" नानांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, टोपी घालतात, थोडे वाकलेत, हेही सांगितलं. पोराने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि मशीनच्या खाली सरकवून ठेवलं.

आता येतं-जातं कोण, म्हणून मी दुसऱ्या दिवशी प्रकाशाला फोन करून कळवलं की पाकीट नव्या हॉटेलात आहे. नानांना हे सांगितलेलं नाही.